तीन मिनिटं झाली, वाढवू?

३ नोव्हेंबर

ही वही मीच छापखान्यात बांधलेली आहे. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा म्हणून कोरे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, घालून शिवली होती. त्यांना वरच्या कापडाचा रंग पसंत पडला नाही, तेव्हा मालक म्हणाले, घेऊन जा घरी. शिवण छान बसली आहे. बांधलेली वही कोरी पडून राहिली की मला उगीच चुटपुट लागते, म्हणून लिहीत जाईन. रोज काही घडत नाही. घडेल तेव्हा लिहीन.

आज मोबाइल कंपनीचा निरोप आला. आमचा ‘चौघांचा प्लॅन’ महिनाअखेर संपतो आहे. वर्षाचे पैसे एकदम भरून पुढे चालू ठेवायचा की नाही, ते कळवा म्हणे. आजवर हे सगळं हेच बघायचे. आता प्लॅन माझ्या नावावर आहे, त्यामुळे ठरवायचंही मलाच.

चौघं म्हणजे हे, मी, नोकरीसाठी परगावी असलेली आमची लेक आणि वन्सं, ह्यांची थोरली बहीण. त्यातले हे मागच्या हिवाळ्यात गेले. ह्यांचा नंबर मी धरून ठेवला नाही. हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे आणि तो नंबर गावातल्या निम्म्या लिफ्टमध्ये चिकटवलेला आहे. कुणी आत अडकलं की तिथेच फोन करणार, आणि केला की कुणीतरी उचलायला हवा. म्हणून तो ह्यांच्या कामातल्या जोडीदाराला देऊन टाकला. तेव्हापासून चौघांच्या प्लॅनमध्ये आम्ही तिघीच आहोत. चौथ्याचे पैसे मात्र जातात.

५ नोव्हेंबर

प्लॅनचं माहितीपत्रक शोधलं. हे प्लॅन घेऊन आले तेव्हा सोबत ते लांबच लांब घड्यांचं पत्रक मिळालं होतं. तसले कागद मला बघवत नाहीत. एकदा उघडले की जन्मात पुन्हा नीट मिटत नाहीत. मी तेव्हाच घड्यांवर कापून, पानं लावून, मधे दोरा घालून त्याची पुस्तिका केली होती. हे म्हणाले, “आता कापडी बांधणी करून वर सोनेरी अक्षरंही टाक.”

शाळेत मी फारशी गेले नाही. वाचायला शिकले ती छापखान्यात वाया गेलेल्या फर्म्यांवर. त्यामुळे कुठल्याही गोष्टीची सुरुवात किंवा शेवट ठाऊक नसायचा, मधली सोळा पानं तेवढी पाठ. त्याचा वचपा म्हणून आता हातात येईल ते पहिल्या अक्षरापासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचते. हे पत्रकही तसंच वाचलं.

देतात पुष्कळ. नेट इतकं की आमच्या तिघींच्या हातून संपायचं नाही. शिवाय चित्रपट, गाणी, फोटो ठेवायला कुठेतरी जागा, फोन पडून फुटला तर भरपाई. मुख्य गोष्ट तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे. “गटातील सभासदांना आपसात बोलणे” आणि पान उलटलं की, “मोफत. याव्यतिरिक्त सर्व सेवांना वेगळा आकार पडेल.” म्हणजे आपसात फुकट, बाहेर पैसे. हे मी तेव्हाच ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. हे नुसते हसले आणि “अरे वा,” म्हणाले.

शेवटचं पान मात्र ‘तसेच’ अशा शब्दाने सुरू होतं. त्याला आगा ना पिछा. एवढ्या मोठ्या कंपनीला मुद्रितं तपासायला एक माणूस मिळू नये!

६ नोव्हेंबर

वन्संचा फोन. रोज सकाळी मी चहा गाळायला घेते आणि फोन वाजतो. हे गेल्यापासून एकही दिवस चुकलेला नाही.

“उठलीस?”

“चहा गाळतेय, वन्सं.”

“गाळ की. मी काय हात धरलाय? काल रात्री काय जेवलीस?”

“सकाळचंच होतं, गरम केलं.”

“म्हणजे ओट्याशी उभ्या उभ्याच.”

“बसून जेवले.”

“खोटं बोलू नकोस. आत्तासुद्धा तुझा आवाज उभा आहे.”

वन्संनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, दिवसभर लोकांच्या जोडण्या जोडायच्या, घरी आल्यावर आणखी कुठे डोकं लावू? त्या दुसऱ्या गावी राहतात, गुडघ्यांमुळे प्रवास करत नाहीत. आवाजावरून माणूस उभा आहे की बसलेला, रडलेला आहे की नुसती सर्दी झालीय, हे आपल्याला कळतं असं त्यांचं म्हणणं. निम्म्या वेळा चुकतात.

आज मी म्हटलं, “वन्सं, रोज एवढं काय विचारायचं असतं?”

“विचारायचं कशाला असतंय? मी वसूल करतेय. माझ्या भावाने वर्षाचे पैसे भरून ठेवलेत. आपसात फुकट आहे, ते काय वाया घालवू?”

मग घड्याळ बघून, जुन्या सवयीने, “तीन मिनिटं झाली. वाढवू?”

“नको. कामाला जायचंय.”

“बरं.” खट्.

रोज शेवट असाच. चहा निवतो तो निवतोच.

९ नोव्हेंबर

रविवार. कपडे, झाडलोट. हे असताना मी आणि वन्सं एकमेकींशी थेट अशा कधी बोललोच नाही. भांडण नव्हतं. त्या ह्यांना फोन करायच्या, “तिला सांग, पायाला तेल लावत जा.” मी लांबून म्हणायची, “सांगा त्यांना, लावते.” हे मधे बसून दोन्हीकडचं पोचवायचे. कधी कधी मुद्दाम उलटंसुलटं पोचवायचे आणि आम्हा दोघींची तारांबळ बघत बसायचे.

दर रविवारी दुपारी वन्सं एक्स्चेंजमधल्या एका मैत्रिणीशी तासभर बोलतात. ती काही आमच्या प्लॅनमध्ये नाही. तिच्याशी बोलणं कसं परवडतं कोण जाणे. जुन्या नोकरदारांना सवलत असेल.

१२ नोव्हेंबर

कामावरून येताना मोबाइलच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवतात. फोनची कव्हरं एवढी टांगलेली की बाई आत कुठे आहेत ते शोधावं लागतं. माझी पुस्तिका बघून म्हणाल्या, “काकू, हे शिवलंय कुणी?” मी म्हटलं, मीच. त्यांनी दोरा ओढून बघितला, पक्का होता.

मग आम्ही एकेक गोष्ट घेतली. चित्रपट? मी बघत नाही, वन्संचा फोन साधा बटणांचा आहे. गाणी? रेडिओ आहे. फोटोंची जागा? वन्संकडे कॅमेराच नाही. लेकीला नेट लागतं, पण तिला तिच्या कंपनीतून मिळतं.

“मग काकू, तुम्ही तिघी वेगवेगळे छोटे प्लॅन घ्या. निम्म्यात काम होईल. हे एकत्र प्लॅन घरात पोरंबाळं असतील त्यांना परवडतात. तुम्ही ताटभर वाढून घेताय आणि खाताय कोशिंबीर.”

मी म्हटलं, आणि आपसात बोलणं? पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. माझ्या मनाने मी हिशेब केला. बोलण्यापुरते एवढे जास्तीचे पैसे भरायचे, आणि बोलणं काय, तर काल काय जेवलीस.

१६ नोव्हेंबर

लेकीला सांगितलं. तिचं एकच म्हणणं, “आई, तुला पटेल ते कर. पण आत्याशी बोललीस का?”

“त्यांचंही निम्म्यात होईल. खूश होतील.”

“बोल तर आधी.”

ही पोरगी बापाच्या वळणावर गेलीय. स्वतः काही सांगणार नाही, दुसरीकडे जोडून देणार.

१८ नोव्हेंबर

सकाळी वन्संना सांगितलं. सगळं नीट समजावलं. चित्रपट, गाणी, चौथी रिकामी जागा. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत, हेच नवल. मग मी म्हटलं, “आणि वन्सं, आपसातल्या बोलण्यासाठी तेवढा प्लॅन ठेवायचा, तर रोज असं काय बोलतो आपण? तेवढ्यासाठी परवडत नाही.”

“बरोबर आहे,” वन्सं म्हणाल्या.

“तुमचेही पैसे वाचतील.”

“वाचतील की.” मग जरा वेळाने, “महिनाअखेरपर्यंत चालू आहे ना?”

“आहे.”

“मग तेवढं वसूल करते.”

आज त्यांनी तीन मिनिटं झाल्याचं सांगितलं नाही. त्याच्या आतच ठेवला फोन. एवढं साधं काम, पण मनावरचं ओझं उतरलं. वन्सं पैशाच्या बाबतीत समंजस आहेत, एवढं म्हणायला हवं.

३० नोव्हेंबर

प्लॅन संपला. सकाळी वन्संचा शेवटचा फोन. काल काय जेवलीस विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाल्या, “पायाला तेल लावत जा.” हे सांगायला आता मधे कुणी नाही, म्हणून मीच म्हटलं, “लावते.”

दुकानातल्या बाईंनी नवे प्लॅन करून दिले. वन्संचा आणि लेकीचाही त्यांनी तिथूनच केला.

१ डिसेंबर

चहा गरम गरम प्यायले. फार दिवसांनी.

४ डिसेंबर

फर्म्यांची जुळवणी चालू आहे. शब्दकोश आहे, जाडजूड. मालवाहू लिफ्टचा दोर कुरकुरतो. असं काही ऐकलं की अजून मनातल्या मनात ह्यांना सांगितलं जातं, तो आवाज ऐका, वेळेवर बघायला हवं. मग आठवतं. आता त्याने मोडून पडायला होत नाही. नेहमीच्या जागी दुखणारा दात असतो ना, जीभ लागली की कळतं, तसं आहे.

वन्संचा फोन नाही. येणार कसा, पैसे पडतात.

६ डिसेंबर

लेक शनिवार-रविवार घरी आलीय. तिला विचारलं, आत्या बरी आहे ना? म्हणाली, “बरी आहे. तू लाइन तोडलीस म्हणून रुसून बसलीय.” मी म्हटलं, लाइन कुणी तोडली, नवा प्लॅन घालून दिलाय. ती हसली. कशाला हसली ते सांगितलं नाही.

एकदा मी स्वतःच फोन करणार होते वन्संना. मग वाटलं, ऐकणाऱ्यालाही पैसे पडत असतील तर? त्यांचा छोटा प्लॅन, उगीच संपवून टाकायचा.

काल रात्री जेवायला बसले. ओट्यापासून टेबल दोन पावलांवर आहे, तरी बसायचं आठवावं लागतं.

१० डिसेंबर

आज छापखान्यात तमाशाच झाला. मालवाहू लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली आणि आत कोण, तर मालक. त्यांना कागदांच्या रिमांबरोबर खाली येण्याची घाई. जाळीतून त्यांचे बूट आणि अर्धी तुमान दिसत होती. आमच्या मालकांचा दरारा असा की कुणी हसूही शकेना. एक जण तळघरात पळाला तो तिथेच जाऊन हसला असणार.

मालकांनी आत चिकटवलेल्या नंबरवर फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडून ह्यांचे जोडीदार बोलले.

“घाबरू नका. निघालोच मी. मी येईपर्यंत माझ्याशी बोलत राहा.”

“मी घाबरलेलो नाही!” मालक ओरडले. “आणि काय बोलू?”

“काहीही बोला. काल रात्री काय जेवलात?”

मग आमचे मालक, जे आम्हाला सुट्टी देताना दोन शब्द खर्च करत नाहीत, त्यांनी काल रात्री काय जेवलो, सून कसं बेचव करते, पूर्वी बायको कसं करायची, हे सगळं सगळं सांगितलं. आवाज आधी कापत होता, तो हळूहळू जागेवर आला.

लिफ्ट सुटल्यावर मी जोडीदारांना पाणी दिलं. म्हटलं, हेही असंच विचारायचे, नाही?

“त्याच्याकडूनच तर उचललं मी. आणि त्याने त्याच्या बहिणीकडून. ती एक्स्चेंजला होती ना? कुणाच्या घरी काही बरंवाईट झालेलं असायचं, लाइन लागायला उशीर व्हायचा, पलीकडे माणूस एकटा. तेव्हा ती त्याला सोडायची नाही. काय जेवलात विचारत बसायची. तो म्हणायचा, आमच्या ताईचं म्हणणं आहे, अडकलेल्या माणसाला धीर धरा सांगू नये, जेवलात का विचारावं.”

मी पेला उचलून आत ठेवला. मग शब्दकोशाचे फर्मे जुळवत बसले. त्यातले तीन मी उलटे लावले, ते संध्याकाळी सुटे करावे लागले. माझ्या हातून असं होत नाही.

११ डिसेंबर

अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. मालकांनी आज “घ्या” म्हणून वर “बरं वाटत नाही का?” असंही विचारलं.

दुकानात जाऊन बाईंना म्हटलं, “छोट्या प्लॅनवरून बाहेरच्या नंबरला फोन केला तर मिनिटाला किती पडतात, ते सांगा. आणि ऐकणाऱ्याला किती?”

बाई कव्हरांमधून बाहेर आल्या. “कुठल्या बाहेरच्या?”

“माझी नणंद. आता आम्ही एका प्लॅनमध्ये नाही ना.”

“काकू, बोलणं सगळीकडे फुकटच आहे. छोट्या प्लॅनमध्येही, मोठ्यातही, कुणालाही. कितीतरी वर्षं झाली. लोक पैसे देतात ते नेटचे. बोलायला आता कोण पैसे घेतंय?”

“पण पत्रकात तसं नाही लिहिलेलं.”

“असणार की.”

घरी येऊन पुस्तिका काढली. खिडकीशी उजेडात बसून एकेक पान बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. शेवटचं पान, ते ‘तसेच’वालं, शेवटचं नव्हतंच. ते तिसऱ्यानंतर यायला हवं होतं. “गटातील सभासदांना आपसात बोलणे, तसेच देशातील कोणत्याही क्रमांकावर बोलणे अमर्याद मोफत.” आणि त्याच पानाच्या तळाशी “निवडक चित्रपट व गाणी”, पुढच्यावर “मोफत. याव्यतिरिक्त सर्व सेवांना वेगळा आकार पडेल.” कापताना पान मीच चुकवलं. वर दोषही दिला छापणाऱ्यांना. एवढी वर्षं लोकांची पुस्तकं बांधतेय, आणि घरच्या सहा पानांत माझा फर्मा चुकला.

आता ह्यांचं नवल वाटतं. दिवसभर कुठल्या कुठल्या लिफ्टमधल्या माणसांशी बोलायचे, त्यांना हे ठाऊक नसेल? मी वाचून दाखवलं तेव्हा “अरे वा” म्हणाले होते, आणि त्याच संध्याकाळी वन्संना फोन करून, “ताई, ऐक, आपसात फुकट आहे बरं का! वाया घालवू नकोस!” लक्षात राहिलं नसेल. माणूस कामाच्या गडबडीत विसरतो.

आणि बिचाऱ्या वन्सं. सगळा जन्म टेलिफोनमध्ये काढला आणि माझ्या चुकीच्या शिवणीवर विश्वास ठेवून बसल्या. त्यांना हे सांगायचं नाही. केवढ्या खजील होतील. शिवाय वसूल करण्यासारखं काही नसेल, तर त्या फोन कशाच्या नावावर करतील? तसा स्वभावच नाही त्यांचा.

१३ डिसेंबर

चौघांचा प्लॅन पुन्हा घेतला.

दुकानातल्या बाईंनी डोक्याला हात लावला. “काकू, दुकान माझं आहे तरी मीच सांगतेय, घेऊ नका. तुम्हाला महाग पडतो. परवा मी सगळं समजावलं ना?”

“समजलंय. द्या.”

“पण कशासाठी?”

“नणंदेसाठी.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग काही न विचारता कागद भरायला घेतला. “चौथा नंबर कुणाचा?” मी ह्यांच्या जोडीदारांना आदल्या दिवशी विचारलं होतं. त्यांना नेट लागतं, कामावर जाता-येता गाणी ऐकतात, ते आनंदाने हो म्हणाले. आपल्या वाट्याचे पैसे देतो म्हणून हटून बसलेत. म्हणजे जो नंबर लिफ्टमध्ये चिकटवलाय तो पुन्हा आमच्यात आला. कागदावर चार नंबर एकाखाली एक लिहिलेले दिसले. मला बरं वाटलं.

लेकीला कळवलं. ती म्हणाली, “आई, तूच तर म्हणालीस परवडत नाही.”

“नाहीच परवडत.”

“मग?”

“मग काय मग. आत्याला सांगू नकोस काही. मी सांगते.”

पुन्हा हसली. ह्या मुलीला हल्ली कशाचंही हसू येतं.

१४ डिसेंबर

सकाळी चहा गाळला, कप टेबलावर आणून ठेवला आणि मीच फोन लावला. एकदा वाजला न वाजला तोच उचलला.

“बोला,” वन्सं म्हणाल्या. एक्स्चेंजमध्ये म्हणत असतील तसं.

“वन्सं, मी. प्लॅन पुन्हा घेतलाय. चौघांचाच.”

“महाग पडतो म्हणाली होतीस.”

“पडतो. म्हणून तर सांगतेय. वर्षाचे पैसे भरलेत मी. तुम्ही वसूल केलं नाहीत तर बुडालेच.”

“मी एकटी किती करू? तूही हातभार लाव की.”

“आज मीच केलाय ना?”

“हो, तेही खरंच.” नाक ओढल्याचा आवाज आला. “सर्दी झालीय,” म्हणाल्या. मग जरा थांबून, अगदी सावकाश, “आपसात फुकट आहे ना गं अजून?”

“हो. आपसातच. बाहेर पैसे पडतात.”

“बरं झालं विचारलं. मला मेलीला ह्यातलं काय कळतंय.”

एवढी जाणती बाई असं म्हणाली, मला फार वाईट वाटलं. पण तोंडातून खरं जाऊ दिलं नाही. पलीकडे त्या हसल्यासारखं वाटलं. सर्दीचाच आवाज असेल.

“उभी आहेस का बसलीस?”

“बसलेय.”

“हं. आवाज बसलेला वाटतोय.”

“तो घशामुळे, वन्सं.”

“घशामुळे बसलेला निराळा आणि खुर्चीत बसलेला निराळा. मला शिकवू नकोस. काल रात्री काय जेवलीस?”

सांगितलं. मग मीही विचारलं, तुम्ही काय जेवलात? आजवर मी हे कधी विचारलं नव्हतं. त्यांना सांगायला वेळ लागला, आधी आठवावं लागलं बहुतेक. मग मालक लिफ्टमध्ये अडकले ते सांगितलं, नुसते बूट आणि अर्धी तुमान. वन्सं एवढ्या हसल्या की खोकला लागला. खोकला थांबल्यावर घड्याळ बघितलं असणार.

“तीन मिनिटं झाली,” म्हणाल्या. “वाढवू?”

“वाढवा.”